समुद्रकांठचा व रानांतला मुक्काम : जागा कोणीं निवडावी ?

हल्लीं दिवाळी सरली कीं मुंबई, पुणें, कोल्हापूर अशा शहरांतील कुटुंबें मुलाबाळांसह कोंकणच्या किनाऱ्यावर व सह्याद्रीच्या रानांत तंबू ठोकून दोन-चार दिवस राहण्यास येऊं लागलीं आहेत. ज्यांची ऐपत अधिक ते चाकांवरचें घर, म्हणजे जिला कॅरव्हान म्हणतात ती गाडी, घेऊन येतात. तींत निजण्याची, रांधण्याची व शौचाची सोय असते. तिला उभी करण्यास जागा तेवढी हवी असते. ही जागा बहुधा आपणां शेतकऱ्यांचीच असते. सुरूचें बन, माडांखालची पुळण, ओढ्याकांठची वरकस, काजूच्या बागेवरचें माळरान, ज्या जमिनीकडे कालपर्यंत कोणी ढुंकून पाहत नव्हतें तिच्यासाठीं आज दलाल दारांत बसतात. जागा द्यावी कीं न द्यावी, आणि द्यावी तर कोणती, असें कित्येक सभासद आम्हांस विचारीत आहेत. म्हणून ह्या विषयासंबंधानें आमचे विचार येथें मांडीत आहों.

हा धंदा मुळांत वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. बारामतीजवळ २००५ सालापासून शेतावर पाहुणे ठेवण्याचा प्रयोग चालू झाला व त्यांतून पुष्कळांनीं धडा घेतला. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें व २०२१ सालीं कॅरव्हान-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. पहिल्यानें एक एकर जमिनीचा धनीही रीतसर नोंदणी करून पाहुणे ठेवूं शकतो. तेव्हां ही गोष्ट आतां लपूनछपून करण्याची राहिलेली नाहीं. आंब्याला मोहर आला आणि थ्रिप्सनें नेला, भाताला भाव नाहीं, मजूर मिळत नाहीं, अशा दिवसांत पडीक तुकड्यापासून चार पैसे मिळाले तर ते कोणास नकोत ?

परंतु आमचें मत थोडक्यांत असें आहे कीं, मुक्कामाची जागा निवडण्याचें काम पाहुण्याचें नव्हे, दलालाचें तर नव्हेच नव्हे. तें जमिनीच्या धन्याचें आहे. शहरांतला मनुष्य जागा छायाचित्र पाहून निवडतो. समुद्र जितका जवळ, झाडी जितकी दाट, वस्ती जितकी दूर, तितकी जागा त्यास चांगली वाटते. यांत त्याचा दोष नाहीं. त्यास उधाणाची रेषा वाचतां येत नाहीं, ओढा आषाढांत कोठवर येतो हें ठाऊक नसतें, आणि विहिरीचा झरा वैशाखांत किती बारीक होतो हें त्यास कोण सांगणार? हें ज्यास कळतें तो आपण. म्हणून हो म्हणण्यापेक्षां नाहीं म्हणण्याची जबाबदारी आपल्याकडे अधिक आहे.

दोन वर्षांपूर्वीं फाल्गुनांत आम्ही सहकुटुंब अशा एका किनाऱ्यावरील मुक्कामास गेलों होतों. गांवाचें व मंडळीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. बागाईतदारानें आपली सुरूची पट्टी व मागचें अर्धा एकर पोफळीचें आगर एका शहरी मंडळीस तीन वर्षांच्या करारानें दिलें होतें. बारा तंबू अगदीं पुळणीवर, पाण्याकडे तोंड करून ठोकलेले. त्या दिवशीं हुताशनी पौर्णिमा. मालक व गडीमाणसें गांवच्या होळीवर गेलेलीं. तंबूंवर शहरांतून आणलेला एक पोरगा तेवढा राखणीस होता. रात्रीं अकरा वाजून गेल्यावर उधाणाचें पाणी सुरूच्या पहिल्या रांगेपर्यंत चढलें व पुढचे पांच तंबू भिजले. एकांत दोन मुलें निजलेलीं होतीं. तीं त्यांच्या आईनें ओढून बाहेर काढलीं. प्राणहानि झाली नाहीं, पण ती टळली ती कोणाच्या शहाणपणानें नव्हे. त्या गांवांतल्या कोणत्याही भंडाऱ्यास वा कोळ्यास विचारलें असतें तर त्यानें सकाळींच सांगितलें असतें कीं आज तेथें निजूं नका. पण त्यास विचारलेंच नव्हतें. आणि ज्याची जमीन त्या धन्यासही करारानंतर कोणी विचारीत नसे.

दुसरे दिवशीं धन्यानें आम्हांस आपली विहीर दाखविली. पाणी मचूळ झालें होतें. पोफळींचे शेंडे पिवळे पडूं लागले होते. "पैसा घेतला, आतां पाणी कोठून आणूं ?" एवढेंच तो म्हणाला. हें वाक्य आम्ही विसरलों नाहीं, आणि ह्या लेखाचें कारणही तेंच आहे.

तेव्हां पहिली कसोटी पाण्याची. पुळणीमागच्या विहिरींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. उपसा बेताचा असेल तोंवर तें टिकतें; तो वाढला कीं खालचें खारें पाणी वर येतें, आणि एका पावसाळ्यानें तें पुनः गोड होईलच असा भरंवसा नाहीं. पाहुणा नेमका चैत्र-वैशाखांत येतो, आणि आगरास पाण्याची ओढ नेमकी त्याच वेळीं असते. साधा हिशेब करावा : माणशी रोज ५० लिटर पाणी धरलें तर ४० पाहुण्यांस २,००० लिटर लागतें. ठिबकानें एका माडास उन्हाळ्यांत दिवसाला ४० लिटर द्यावें असें धरलें, तर हें ५० माडांचें पाणी झालें. ज्याच्या विहिरीस वैशाख अमावास्येला सकाळचा उपसा झाल्यावर सायंकाळपर्यंत पुनः तितकेंच पाणी भरतें, त्यानें पाहुणे ठेवावे. ज्याची विहीर भरत नाहीं, त्यानें समुद्र कितीही सुंदर असला तरी तंबूचा खुंटा मारूं देऊं नये.

दुसरी कसोटी भरती-ओहोटीची. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते हा आपल्या वडिलांचा हिशेब अजून खोटा ठरलेला नाहीं : अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येस अकरा-बाराच्या सुमारास. उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत सर्वांत मोठें येतें, अष्टमीच्या सुमारास भांग असते. आणि फाल्गुन-चैत्र व भाद्रपद-आश्विन ह्या महिन्यांत, दिवस व रात्र समान होतात त्या सुमारास, वर्षांतलीं मोठीं उधाणें येतात. जागा निवडावयाची तर अशा उधाणाच्या दिवशीं स्वतः किनाऱ्यावर उभें राहून काटक्या-शेवाळाची रेघ कोठें पडते तें पाहावें, तेथें खूण करावी, व तंबू त्या खुणेच्या पुष्कळ मागें, वाळूच्या टेकाडाच्या जमिनीकडील अंगास ठोकावे. टेकाडावर मुळींच नको. त्यावरची मर्यादवेल व केवडा हीच किनाऱ्याची खरी भिंत आहे. गाड्यांच्या चाकांनीं वेल तुटली कीं वाळू उडूं लागते, व ती उडून पडते आपल्याच आगरांत.

सरकारी नियमही येथें आडवे येतात. किनारा-नियमनाच्या अधिसूचनेप्रमाणें ग्रामीण किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणीं भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. दाट वस्तीच्या भागास २०१९ च्या अधिसूचनेनें कांहीं सवलत दिली आहे, व तात्पुरत्या सोयींविषयीं वेगळे नियम आहेत. नकाशा पाहिल्याखेरीज व लेखी परवानगी घेतल्याखेरीज शौचकूपाची एक वीटही बसवूं नये. नोटीस येते ती धन्याच्या नांवानें, दलालाच्या नव्हे.

सुरूच्या बनाविषयीं दोन शब्द. सुरू हें आपलें मूळचें झाड नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती कारवारकडून आपल्या किनाऱ्यावर लावण्यास सुरुवात झाली. सावली चांगली, वारा अडविते, म्हणून पाहुण्यांस आवडते. पण वाळूंत तिचीं मुळें खोल जात नाहींत, आणि तळाशीं पडलेला सुयांसारखा पाला उन्हाळ्यांत ठिणगीनें पेटतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस धडकलें तेव्हां सुरू, माड, पोफळी सरसकट आडव्या झाल्या. त्या जागीं लावलेल्या पोफळीस फळ धरण्यास सात-आठ वर्षें लागतात हें ज्याचें आगर गेलें त्यास विचारावें. म्हणून सुरूच्या अगदीं खालीं तंबू नको, नारळ धरलेल्या माडाखालीं तर कधींच नको, व मे महिन्याचा पूर्वार्ध संपतांच किनाऱ्यावरील सर्व मुक्काम उठवावा. नवें बन लावावयाचें असेल तर उंडी व करंज लावावे, असा आमचा आग्रह आहे.

पोहण्यासंबंधानें तर धन्यानें कठोरच असलें पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडून मेले. तीं पोरें शहाणीं होतीं, शिकलेलीं होतीं. त्यांस त्या पाण्याची ओढ ठाऊक नव्हती एवढेंच. खाडीच्या मुखापाशीं, खडकांच्या मधल्या चरांत, व ओहोटी लागल्यावर पाण्यांत जाऊं देऊं नये. मुलांबाळांचा मुक्काम खाडीच्या तोंडापासून दूर, उतार सौम्य असेल अशा पुळणीजवळच ठेवावा. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिंवाळ्यांत कासविणी अंडीं घालण्यास येतात; तेथें रात्रीं शेकोटी व झगझगीत दिवे लावल्यास नुकतीं निघालेलीं पिल्लें समुद्राकडे न जातां उजेडाकडे वळतात. ज्या गांवांनीं कासवें राखून नांव मिळविलें, त्या गांवांतील धन्यानें चार दिव्यांसाठीं तें घालवूं नये.

आतां रानाकडे वळूं. येथें पहिला शत्रु विस्तव. राखीव वनांत विस्तव पेटविणें हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पण आपल्या मालकीच्या माळावर तो पेटला तर काजूची बाग व शेजाऱ्याचा आंबा जळतो, हें कायद्याहून मोठें कारण आहे. मार्च २०१८ मध्यें तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यांत कुरंगणीच्या डोंगरांत वणव्यांत सांपडून सहलीस गेलेलीं वीसाहून अधिक माणसें मेलीं. वाळलेल्या गवताच्या उतारावर, वाऱ्याच्या तोंडाला, तंबू ठोकूंच देऊं नयेत. भोंवतालचें गवत कापून जाळरेषा काढावी, चूल एकच व ती दगडांत बांधलेली असावी, आणि तिच्याशेजारीं पाण्याचें पिंप भरलेलें असावें. उंच झाडावर वा कड्यावर आग्यामोहोळ असेल तर त्या जागेचा विचारच सोडावा. एका शेकोटीचा धूर तें उठविण्यास पुरतो.

ओढ्याचें कोरडें पात्र पाहुण्यांस फार आवडतें, कारण तेथें जमीन सपाट व वाळू मऊ असते. परंतु वळवाचा पाऊस वर डोंगरांत पडतो व लोंढा खालीं येतो. खालीं आकाश निरभ्रही असूं शकतें. तसेंच एकट्या उंच झाडाखालीं वा उघड्या टेंकडीच्या माथ्यावर वैशाखांत व आश्विनांत विजेचें भय असतें. चांगली जागा म्हणजे ओढ्यापासून दूर, थोडी उंचावर, थोड्या उताराची, जिचें पाणी वाहून जाईल, जिच्यावर वाळकी फांदी लोंबत नाहीं, व जेथून गांवांतला दिवा दिसतो. ही शेवटली खूण आम्ही मुद्दाम लिहिली आहे.

कारण सर्प-विंचवाचें भय सांगून सोडण्यासारखें नाहीं. कोंकणांत फुरसें पाल्यांत व दगडांत सर्रास असतें. घोणस गवतांत, आणि मण्यार तर जमिनीवर निजलेल्या माणसास रात्रीं चावते व दंश कित्येकदां कळतही नाहीं. तंबूस शिवलेला तळ व घट्ट बंद होणारें दार नसेल तर लहान मुलांस त्यांत निजवूं नये; पाहुण्यांस खाटा द्याव्या. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींवर चालणारी लस सरकारी दवाखान्यांत मिळते; ती आपल्या जवळच्या आरोग्यकेंद्रांत आज आहे कीं नाहीं, हें धन्यास पाहुणा येण्यापूर्वींच ठाऊक असावें. विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्रॅझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून जे दगावत ते वांचूं लागले. पण रोगी वेळेवर पोंचला तर. गाडी दवाखान्यापर्यंत तासाभरांत जात नसेल अशी जागा कुटुंबांस देऊं नये. दोडामार्गाकडे २०१६ सालापासून माकडताप दिसूं लागला आहे. तो गोचिडींपासून होतो व उन्हाळ्याच्या तोंडीं जोर धरतो. माकडें मेलेलीं आढळलीं कीं त्या रानांतला मुक्काम त्याच दिवशीं बंद करून आरोग्यकेंद्रास कळवावें.

घरगाडीचा प्रश्न निराळा. तंबू डोक्यावरून नेतां येतो, गाडी नेतां येत नाहीं. तिची उंची बहुधा तीन मीटरांच्या आसपास जाते; आपल्या गडग्यांमधल्या पाखाडींत ती शिरली तर वळत नाहीं, आणि वरून विजेच्या तारा लोंबत असतात. जांभ्याच्या कातळावर गाडी निर्धास्त उभी राहते, वाळूंत वा भाताच्या खाचरांत रुतते. तेव्हां डांबरी रस्त्यालगतचा कातळाचा तुकडा हीच तिची जागा. समुद्र पाहण्यास माणसांनीं चालत जावें. वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून देऊं नये. मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठीं वीज वापरणें २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें अनधिकृत ठरतें, व आकारणी धन्यावर होते.

आणि मैल्याचें काय ? घरगाडींतील शौचपेटींत रासायनिक द्रव घालतात. तो गोबरगॅसच्या टाकींत किंवा खतखड्ड्यांत ओतूं दिला तर तेथील उपयोगी जंतू मरतात व टाकी बंद पडते. त्यासाठीं वेगळी बंदिस्त टाकी हवी. तंबूंच्या शौचकूपाचा शोषखड्डा विहिरीपासून कमींत कमी ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. वाळूंत व फुटक्या जांभ्यांत पाणी लवकर झिरपतें म्हणून तेथें अंतर जितकें वाढवितां येईल तितकें वाढवावें. जेथें हें अंतर निघत नाहीं, तेथें मुक्काम निघत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्या कसोट्या लावल्या तर दहांतली एकच जागा उरेल. आमचेंही म्हणणें तेंच आहे. इंग्लंडांत १९६० सालच्या कायद्यांत एक सोय आहे : मान्यता पावलेल्या मंडळानें पसंत केलेल्या शेतावर वेगळ्या परवान्याशिवाय घरगाड्या ठेवतां येतात, पण एका वेळीं पांचांहून अधिक नाहींत. त्या पांच गाड्यांच्या जागा तेथें शेंकड्यांनीं चालल्या आहेत, व शेतकरी शेतकरीच राहिला आहे. पांच गाड्या वा पांच तंबू म्हणजे वीस-पंचवीस माणसें. तेवढ्यांस एका घरची चूल पुरते, एका धन्याची नजर पुरते, आणि बेताची विहीरही पुरते. चाळीस तंबू झाले कीं धनी आपल्याच जमिनीवर राखणदार होतो. नफा मोठ्या आंकड्यांतच आहे असें जें सांगितलें जातें, तें सांगणारा करार संपतांच दुसऱ्या किनाऱ्यावर जातो. विहीर मात्र आपल्या मुलांस राहते.

दुसरी शंका अशी कीं, शहरी मंडळीस पाहुणे मिळविण्याची हातोटी असते, ती शेतकऱ्यास कोठून येणार ? हें खरें आहे. त्यासाठीं दलालास पाहुण्यामागें ठरीव मोबदला द्यावा. जमीन देऊं नये. कोणती जागा, किती तंबू, कोणते महिने, कोणत्या तिथीस मुक्काम बंद, हें ठरविण्याचा हक्क लेखांत धन्याकडेच राखावा, व शिमगा असो कीं लग्न असो, रात्रीं घरचें एक जाणतें माणूस मुक्कामावर असलेंच पाहिजे.

संस्थेस आमची सूचना अशी आहे. प्रत्येक तालुक्याच्या शाखेनें दोन-तीन अनुभवी सभासद, एक कोळी वा खलाशी व शक्य तर आरोग्यकेंद्राचा एक मनुष्य अशी समिति नेमावी. तिनें सभासदांच्या जागा येत्या चैत्री पौर्णिमेच्या उधाणास एकदां व वैशाख अमावास्येस एकदां पाहाव्या, व कसोटीस उतरतील तेवढ्यांचीच यादी ह्या मासिकांत छापावी. यादीबाहेरची जागा घेऊं नका असें आपण शहरांतील आप्तांसही कळवूं शकतों. आपले वाचकही आतां मुलांस घेऊन कोठें कोठें जातात. त्यांनींही खुंटा मारण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे : आजची भरती किती वाजतां, पाणी कोणत्या विहिरीचें, दवाखाना किती दूर, आणि रात्रीं येथें घरचें कोण राहणार? उत्तरें मिळालीं नाहींत तर पुढच्या गांवीं जावें.

घरीं आलेल्या पाहुण्यास आपण ओसरीवर बसवितों, विहिरीच्या कांठावर बसवीत नाहीं. तोच नेम समुद्राच्या कांठीं व रानाच्या तोंडाशीं पाळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.